वाऱ्याकडचा मांडव

तेंडोलकरांच्या माटवीला सहा वर्षं लाकडी तवसं लटकत होतं, आणि सहाही वर्षं ते बांधायचा मान वृषालीचा होता.

गणपतीच्या डोक्यावर जी लाकडी चौकट टांगतात आणि जिला रानातली फळं, नारळ आणि सुपारीचे घोस बांधतात, ती माटवी. तिच्या बरोबर मधल्या दोरीला तवसं हवंच. तवसं म्हणजे पावसाळ्यात मांडवावर चढणारी हातभर लांब, मांडीएवढी जाड काकडी. ज्या सुनेच्या वेलाचं तवसं सगळ्यांत जड, तिनं मधली दोरी बांधायची, असा त्या घराण्याचा रिवाज. पण उघड्यावर काकडी धरायचीच बंद झाली, तेव्हा कुणाचं जड आणि कुणाचं हलकं? मग सावंतवाडीहून रंगवलेलं लाकडी तवसं आलं, आणि थोरली सून म्हणून दोरी आपसूक वृषालीच्या हातात आली. लाकडाशी स्पर्धा करायला कुणी नव्हतं. खरं सांगायचं तर वृषालीला ते लाकडी तवसं फार आवडायचं.

उघड्यावरची काकडी बुडवली केवड्यानं. फुलाचं नाव असलेला हा रोग दिसायलाही सुरुवातीला वाईट नसतो. पानावर शिरांच्या मधोमध पिवळे चौकोनी ठिपके, एवढंच. पान उलटवलं की खाली राखी बुरशी. पूर्वी तो यायचा आणि जायचा. पावसाळे उबदार झाले, हवेतली ओल महिनोन्‌महिने हटेना, तसा तो समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यावर बसून जूनमध्ये यायचा आणि वेल वाळेपर्यंत मुक्काम ठोकायचा. फवारे त्याला पचले. शेवटी काकडी हरितगृहात गेली. तिथं ती झाली, पण कशी, तर बोटाएवढी, एकसारखी, बिनबियांची. मधमाशीशिवाय धरणारी जात होती ती. तवशाला मधमाशी लागते, वारा लागतो, बंद घरात ते फुलतं पण धरत नाही. सुरंगवाडीतल्या बायकांनी बी राखेत घोळवून ठेवलं आणि वाट पाहिली.

मग गेल्या वर्षी 'सांगावा' आला, आणि वृषालीच्या सुखाला दृष्ट लागली.

सांगावा घेऊन आली ती इरावती भोगटे. जिल्ह्यातल्या एका लहानशा संशोधन केंद्रातली, पावसात छत्री न घेता हिंडणारी मुलगी. तिनं वाडीतल्या बाराही मांडवांच्या मुळाशी एक काळपट भुकटी कालवली आणि प्रत्येक मांडवाच्या मधल्या खांबावर तळहाताएवढी पाटी ठोकली. पाटीवर एक दिवा होता, बस्स. त्या पावसाळ्यात बारापैकी अकरा मांडव तवशांनी वाकले.

बारावा मांडव वृषालीचा.

मांडव ओळीत होते, समुद्राकडून डोंगराकडे चढत जाणारे. पहिला वृषालीचा, त्याला लागून तिच्या धाकट्या जावेचा, केतकीचा. मध्ये कमरेएवढा जांभ्या दगडांचा गडगा. बी एकच, सासूबाईंनी मरण्यापूर्वी दोघींना अर्धं-अर्धं वाटून दिलेलं. माती एकच, पाऊस एकच. आणि गेल्या चतुर्थीला केतकीचं तवसं असं काही भरलं, की ते उचलताना घराण्यातले सगळ्यांत वडील दत्तूआबा 'अरे बापरे' म्हणाले. तवशाचं वजन काट्यावर करायचं नसतं. दत्तूआबा दोन हातांवर तोलतात आणि सांगतात, तो निकाल. वृषालीचं तवसं त्यांनी एका हातानं उचललं. तोलण्याची गरजच पडली नाही. केतकीनं स्टुलावर चढून मधली दोरी बांधली, वृषालीनं स्टूल धरलं, आणि लाकडी तवसं कुणीतरी फडताळात टाकून दिलं.

तेव्हापासून वृषालीला केतकीचं काहीच सोसेना. तिचं हसणं सोसेना, तिच्या चुलीचा धूर सोसेना. मांडवाखालून जाताना केतकी उगाच एखाद्या तवशावरून हात फिरवायची, तर वृषालीला वाटायचं, ही मला दाखवूनच फिरवते. खरं तर केतकी बघायचीसुद्धा नाही. त्याचाही राग यायचा.

यंदाही तेच चाललं होतं. श्रावण अर्धा सरला होता आणि वृषालीच्या वेलावर सात तवशी धरली होती, सातही मुठीएवढी. पानं अर्धी पिवळी. ती रोज सकाळी उठून पिवळी पानं खुडायची आणि चुलीत घालायची, शेजारणीच्या नजरेस पडायला नकोत म्हणून. गडग्यापलीकडे पानाला पान लागलेलं, हिरवंगार.

आठवड्याच्या फेरीला इरावती आली, तेव्हा वृषालीनं तिला सरळ मांडवाखाली उभं केलं.

"ह्या बघ. माझ्या खांबार कायम निळो दिवो. तिच्या खांबार नारिंगी. वाडीत सगळ्यांच्या नारिंगी. माझी पाटी बिघडलेली असा, नायतर तू माका भुकटी कमी घातलंस. खरा काय ता सांग."

"पाटी ठीक आहे, काकू," इरावती म्हणाली. "तुमचा दिवा निळाच असणार. बसा, सांगते."

आणि तिनं सांगितलं. ती भुकटी म्हणजे एका बुरशीचं बी. तिचे केसाहून बारीक धागे मातीतून पसरतात आणि एका वेलाचं मूळ दुसऱ्या वेलाच्या मुळाला जोडतात. असे धागे रानात असतातच. एखाद्या झाडाला रोग लागला की ते आपल्या अंगात धोक्याची द्रव्यं तयार करतं, आणि त्यातली थोडी या धाग्यांतून शेजाऱ्याला पोचतात. रानात याला कित्येक दिवस लागतात. केंद्रानं निवडून-निवडून वाढवलेली जात हाच निरोप दोन-अडीच तासांत पोचवते. निरोप मिळालेला वेल रोग यायच्या आधीच तयारीला लागतो. पानांच्या भिंती जाड करतो, पानांची छिद्रं मिटून घेतो, पानात कडू द्रव्य भरतो. केवडा येऊन बघतो तर दार बंद.

"निळा म्हणजे सांगावा निघाला. नारिंगी म्हणजे सांगावा आला," इरावती म्हणाली. "केवडा समुद्रावरून येतो. ओळीत पहिला मांडव तुमचा. त्यामुळे दरवेळी पहिला घाव तुमच्या वेलावर बसतो आणि तो बाकीच्या अकरांना कळवतो. कळवायलाही ताकद लागते, आपली साखर तो त्या धाग्यांना देतो. म्हणून फळ लहान राहतं. पण काकू, धागे काही एकाच दिशेनं..."

पुढचं वृषालीनं ऐकलंच नाही. इरावती आणखी पाचएक मिनिटं बोलत होती, मागचे वेल परत काय पाठवतात असं काहीतरी, पण वृषालीच्या कानात पहिलंच वाक्य घुमत राहिलं. म्हणजे माझा वेल मार खातो, म्हणून केतकीचा फुलतो. माझ्या वेलाची साखर खाऊन तिचं तवसं दोन हातांवर तोलायच्या लायकीचं होतं. आणि वर मी तिचं स्टूल धरायचं!

तिला इतका संताप आला, की इरावतीला चहा विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपली, वाडी पेंगुळली, तेव्हा वृषाली कुदळ आणि पहार घेऊन गडग्याशी गेली. आपल्या बाजूनं, गडग्याला लागून तिनं वीतभर रुंद आणि हातभर खोल चर मारला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जांभ्याची जमीन, पहारीनं ठिणग्या उडत होत्या. मग परसातला जुना प्लास्टिकचा कागद तिनं चरात उभा लावला आणि माती ढकलली. हाताला फोड आले. तिला मोठं बरं वाटलं.

संध्याकाळी केतकी गडग्याशी येऊन उभी राहिली. ताज्या मातीची रेघ तिनं इकडून तिकडे पाहिली.

"वैनी, चर कित्याक मारल्यात?"

"पाणी तुंबता हय."

उतारावर पाणी कसं तुंबेल, हे न विचारण्याइतकी केतकी शहाणी होती. ती म्हणाली, "बरा केल्यात," आणि घरात गेली.

वृषालीच्या खांबावरचा दिवा तिसऱ्या दिवशी विझला. चौथ्या दिवशी केतकीच्या खांबावरचा नारिंगी दिवा निळा झाला.

मग गंमत बघत राहावं असं झालं. वृषालीचा वेल बघता बघता सावरला. मिळेल ती साखर आता घरातच राहत होती. पानं काळपट हिरवी, जाड, हात लावला तर खरखरीत. केवडा येत होता, पण या पानांना भीत होता. सातांपैकी एक तवसं असं फुगत चाललं, की वृषालीनं त्याला सुंभाची झोळी बांधली. आणि पलीकडे केतकीच्या वेलावर पिवळे चौकोन उमटायला लागले. आधी खालच्या पानांवर, मग वर. तिच्यामागचे दहा मांडव शाबूत होते, कारण आता ओळीत पहिली केतकी होती आणि सांगावा ती धाडत होती.

एका सकाळी वृषालीनं पाहिलं, केतकी पिवळी पानं खुडते आहे आणि पदरात लपवून चुलीकडे नेते आहे. अगदी तिच्यासारखीच. वृषालीला दया आली असं म्हणवत नाही. आनंदच होता तो, फक्त जरासा आंबलेला.

हरितालिकेच्या दिवशी मूळ घरात सगळ्या सुना तवशी घेऊन जमल्या. दत्तूआबांनी एकेक उचललं. केतकीचं तवसं त्यांनी एका हातानं उचलून बाजूला ठेवलं. वृषालीचं उचलायला ते आधी वाकले, मग बसले, मग दोन्ही हात घातले.

"ह्या वर्षी थोरलीन मान राखलान गो," ते म्हणाले. "बांध."

वृषाली स्टुलावर चढली. स्टूल केतकीनं धरलं. दोरीला तीन वेढे दिले, गाठ मारली, आणि खाली उतरताना वृषालीला वाटलं, केतकीनं काहीतरी बोलावं. जळून बोलावं. एखादा शब्द तिरका यावा. केतकी म्हणाली, "बरा दिसता, वैनी." बस्स, इतकंच. जिंकल्याची अर्धी चव तिथंच गेली.

तेंडोलकरांचा गणपती पाच दिवसांचा. पाचव्या दिवशी मधल्या दोरीचं तवसं उतरवून त्याचं धोंडस करायचं. तांदळाची कणी, गूळ, खोबरं आणि किसलेलं तवसं, खाली-वर निखारे ठेवून भाजलेलं. ते करायचं काम दोरी बांधणाऱ्या सुनेचं. वृषालीनं पहाटे सोवळ्यात बसून तवसं किसलं. एरवी कोणतीही बाई काकडीचं डोकं कापून घासते, फेस काढते, एक फोड तोंडात टाकते आणि मगच पुढं जाते. पण हा नैवेद्य. नैवेद्य देवाच्या आधी कुणी चाखत नाही, त्याचा वाससुद्धा घेत नाही. वृषालीच्या बोटांना किसताना जरा चिकट लागलं, इतकंच.

आरती झाली, नैवेद्य दाखवला, आणि पंगत बसली. इरावतीलाही बोलावलं होतं. वाडीत तवशी परत आली ती तिच्यामुळे. वृषाली स्वतः धोंडस वाढत फिरली. प्रत्येकाच्या पानात एक चौकोन, सोनेरी, खमंग. केतकीच्या पानात तिनं मुद्दाम कडेचा चांगला भाजलेला वाढला. मनात म्हणाली, खा आता माझ्या वेलाचं, पण माझ्या हातून खा.

पहिला घास दत्तूआबांनी घेतला. चावताना त्यांचं तोंड थांबलं. मग सगळ्यांचीच तोंडं एकेक करून थांबली.

प्रसाद थुंकता येत नाही. दत्तूआबांनी डोळे मिटले, गिळलं आणि पाणी प्यायले. "गूळ वायच कमी पडलो," ते म्हणाले.

वृषालीनं उभ्याउभ्याच पातेल्यातला तुकडा तोंडात टाकला. कडू! कारल्याचा कडूपणा कारल्याला शोभतो. हा जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा, घसा आवळणारा कडूपणा होता. गुळात लपेटलेला असल्यामुळे जास्तच लबाड.

इरावतीनं तुकडा पानात परत ठेवला. तिला पंगतीची रीत कुठली कळायला! "कुणी एका घासापलीकडे खाऊ नका, पोटाला बरं नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "काकू, हा वेल तुटलाय का कुठं? ओळीतून? मी सांगितलं होतं ना, पहिला वेल देतो तसा घेतोही. मागचे अकरा त्याला साखर परत पाठवतात, म्हणून तो इतका मार खाऊनही गोड राहतो. एकटा पडलेला वेल जगतो, अगदी ठणठणीत जगतो. पण सतत स्वतःला सांभाळत असतो. ते पानातलं कडू मग फळात उतरतं. एकट्या वेलाचंच फळ असं होतं."

सगळ्या पंगतीच्या माना वृषालीकडे वळल्या. हातातलं पातेलं कुठं ठेवावं हे तिला समजेना.

"चर मारलो होतो पाण्याक," केतकी म्हणाली. तिचं पान रिकामं होतं. तिनं अख्खा चौकोन खाल्ला होता. "माझ्याच अंगणातला पाणी वैनींच्या मांडवात जाय होता. मीच सांगलंय वैनींका, चर मारा म्हणान. धागे तुटतले ह्या कोणाच्या ध्यानात येवचा?"

माना परत पानांकडे वळल्या. कुणीतरी भात मागितला. वृषालीला वाटलं, केतकीनं खरं सांगून टाकलं असतं तरी बरं झालं असतं. कारण आता यातही केतकीच वरचढ ठरली होती.

विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वृषाली कुदळ घेऊन गडग्याशी गेली. कुणी बघायच्या आत चर उकरून तो कागद काढायचा, एवढंच तिच्या मनात होतं. बघते तर गडगा ओलांडून केतकी आधीच चराशी उकिडवी बसलेली. कोपरापर्यंत माती, हातात कागदाचं टोक.

"तुका कोणी सांगला?" वृषालीनं विचारलं.

"कोणी कित्याक सांगूक व्हया? दिव्याचो अर्थ मिया गेल्या वर्षीच इरावतीक विचारलंय. माझो दिवो निळो झालो, तुमचो विझलो. माका पयल्या दिसापासून म्हायती असा."

"मगे बोललंस नाय कित्याक? सगळ्यांसमोर माका वाचवलंस, मोठी झालंस. तेव्हाच येवन चार शब्द सुनावलं असतंस तर?"

केतकीनं कागद सोडला. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला.

"मोठी? वैनी, माका तो चर होयोच होतो! गेल्या वर्षी मधली दोरी मिया बांधलंय, आणि वाडीत सगळी काय बोलत होती म्हायती असा? 'केतकीचा काय, ती वृषालीच्या आडोशाक असा.' रोज त्या पाटयेर नारिंगी दिवो. रोज तुमचो सांगावो. माझ्या तवशाचा नाव निघाला की पाठसून तुमचा नाव. माका बघूचा होता, तुमच्याशिवाय माझो वेल रवता काय."

वृषाली बघतच राहिली. ती ज्या हिरव्या पानांवर वर्षभर जळत होती, त्या पानांखाली बसून ही आपल्यावर जळत होती! हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिला हसू आलं, आणि लगेच बरंही वाटलं. इतकं बरं मधली दोरी बांधतानाही वाटलं नव्हतं.

"मगे? रवलो?" तिनं विचारलं.

"दिसता मगे," केतकी म्हणाली. गडग्यापलीकडे तिचा वेल वाळून तारेला लोंबत होता.

मग केतकी हात झटकत म्हणाली, "पुढल्या वर्षी आपण जागा बदलूया. वाऱ्याकडे माझा बी लावूया, तुमचा माझ्या मांडवार. मार माझो वेल खायत. तुमका गोड तवसा गावांदे, आणि मधली दोरीय."

कालपर्यंत हे ऐकून वृषाली हरखली असती. आज तिच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे निळा दिवा हिच्या खांबावर? बाराही मांडवांना सांगावा हिनं धाडायचा, आणि मी मागं बसून नारिंगी दिवा बघायचा?

"खबरदार!" ती म्हणाली. "वाऱ्याकडचो मांडव थोरल्या सुनेचो. थंय दुसऱ्या कोणाचा बी पडला तर उपटून टाकीन."

"आणि दोरी?"

वृषालीनं जरा विचार केला. मग हातातली कुदळ खाली ठेवली.

"दोरी तू बांध," ती म्हणाली. "स्टूल मी धरीन. पण बांधताना माझा नाव घेवचा. मोठ्यान. दत्तूआबांका ऐकाक येय असा."

केतकीनं मान डोलावली. मग दोघींनी दोन टोकं धरली आणि कागद ओढायला लागल्या.